बुक्कीनं फोडलेला कांदा

फाल्गुन अर्धा सरला की पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी चाकणकडचा एक टेम्पो येऊन उभा राहतो. नवा कांदा घेऊन. तो अजून पुरता वाळलेला नसतो. मुळांना माती असते, मानेला थोडा हिरवेपणा असतो, आणि वास असा की जिना चढून घरात येतो. सोसायटीतल्या बायका एकेक कांदा चिमटीत धरून निवडतात, जणू कांद्यानं त्यांचं काही वाकडं केलंय. मी गोणीपाशी उगाच घोटाळत राहतो. टेम्पोवाला मला ओळखतो. "बाबा, घ्या की थोडं. नुसता वासच घेताय व्हय?" म्हणतो. वासाला अजून मोल पडलेलं नाही तोवर घेतो, असं मी त्याला ऐकवतो आणि शेवटी पिशवी पुढे करतोच.

या वासाला मी वचकून असतो. आठवणी गोड असतात ही अफवा ज्यांनी उठवली, त्यांच्या आयुष्यात फारसं काही घडलेलं नसावं. मला आठवतो तो मोसम छप्पन सालचा. त्यात कुरुळीचं आमचं कांद्याचं रान आहे, इंद्रायणीचा काठ आहे, आणि त्या दोन्हींच्या थोडं आधी, समुद्रापलीकडचं नेपल्स नावाचं शहर आहे. एका वासात ही सगळी मंडळी कशी मावतात, ते त्यांचं त्यांना माहीत.

यंदा त्यात आमच्या नातसुनेची भर पडली. ऋता वाकडला राहते, संगणकावर काहीतरी महत्त्वाचं करते आणि मे महिन्यात नातवाला घेऊन इटलीला निघाली आहे. "आजोबा, आम्ही गाईड घेणार नाही. सेल्फ गायडेड वॉक करणार. अप्रसिद्ध वस्त्या, जिथे टुरिस्ट जातच नाहीत!" फोन कानाला लावायचा, त्यातली बाई 'आता डावीकडे वळा' म्हणते, की आपण वळायचं. मी म्हटलं, टुरिस्ट जात नाहीत तिथे तुम्ही गेलात, की तुम्ही कोण? ती हसली. मनानं चांगली आहे, माझ्या खवचटपणाला म्हातारपण समजते. मग तिनं विचारलं, "तुम्ही नेपल्सला गेला होतात ना? काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, समुद्र पाहिला, ज्वालामुखी पाहिला. तिनं ते लिहून घेतलं.

बाकीचं तिला सांगण्यासारखं नव्हतं.

माझे आईबाप मला आठवत नाहीत. मला वाढवलं चुलतीनं, म्हणजे थोरल्या आईनं. तिचा एकुलता मुलगा नामदेव, माझा दादा. तो पलटणीत भरती झाला, लग्न करून चार महिने घरी राहिला आणि बोटीनं लढाईवर गेला. इटलीच्या डोंगरांत एका थंडीत तो बेपत्ता झाला. सरकारनं पुढे कळवलं की आता मेला असं समजावं. थोरली आई म्हणाली, "कागदानं मानूस मरत न्हाई." तो विषय तिच्यापुरता तिथेच संपला.

घरात उरली दादाची बायको, ठकू वहिनी. सोळा-सतरा वर्षांची असेल तेव्हा. थोरल्या आईचा नेम असा होता की दोन्ही वेळा नामाचं ताट वाढायचं. पाट मांडायचा, तांब्या भरायचा, ताटात गरम भाकरी, कालवण, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा, कारण नामाला चिरलेला कांदा खपत नसे. ते ताट गार होईपर्यंत तसंच ठेवायचं. सगळ्यांची जेवणं उरकली की मग तेच ताट वहिनीनं खायचं. नवऱ्याच्या ताटात जेवायची रीत होतीच की, थोरल्या आईनं फक्त ती पाळली. भाकरीचा पापुद्रा तोवर चामड्यासारखा झालेला असायचा, कालवणावर तेलाची साय धरलेली असायची. जो माणूस जेवलाच नाही त्याचं उष्टं ती बाई बारा वर्षं खात होती. माझ्या ताटात मात्र तव्यावरची भाकरी थेट पडायची, आणि ती वहिनीच्याच हातची असायची.

थोरली आई काही राक्षसीण नव्हती. मला खोकला झाला तर रात्रभर पाठ चोळायची. पण वहिनीचं नाव निघालं की तिच्या जिभेला धार यायची. "चार म्हयनं घरात होता माझा लेक. येक पोर न्हाई देता आलं तुला. जमीनसुदिक पेरल्यालं उगवती." हे ती पाणी भरताना म्हणायची, भाकरी थापताना म्हणायची, पाहुण्यांसमोर तर आवर्जून म्हणायची. वहिनी हातातलं काम करत राहायची. गावातल्या बायकाही काही कमी नव्हत्या. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही याचा खल करायच्या, आणि विहिरीवर तिला 'इटलीवाली' म्हणायच्या. तुझ्या नवऱ्याला एखाद्या गोरीनं ठेवून घेतला असेल गं, अशी थट्टा चालायची आणि सगळ्या खो खो हसायच्या. वहिनी घागर डोक्यावर घेऊन निघून यायची. तिचं कुंकू मात्र रोज ठसठशीत असायचं, बंद्या रुपयाएवढं.

पिंपरीत तेव्हा औषधाचा नवा कारखाना सुरू झाला होता. आजूबाजूला निर्वासित सिंधी लोकांच्या बराकी, बाभळी, आणि सगळ्यांवर सारखीच धूळ. मी पुण्याला रसायन शिकलो आणि त्या कारखान्यात लागलो. काही महिन्यांत आम्हा चारपाच जणांना शिकायला इटलीत पाठवायचं ठरलं. मी सायकल हाणत भोसरी, मोशी करत कुरुळीला ही बातमी सांगायला गेलो. थोरल्या आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "इटलीला? मंग माझ्या नामाला बघून ये की." जसं काही इटली म्हणजे चाकणचा बाजार, आणि नामा तिथे पारावर बसलेला सापडणार.

पण त्या बोलण्यामागं एक घाई होती. भावकीनं तगादा लावला होता. माणूस बारा वर्षं परागंदा राहिला की त्याला मेला धरायचं, आणि आमच्याकडे नुसतं धरून भागत नाही, जाळावं लागतं. देह नसतो म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा बांधायचा, नारळाचं डोकं करायचं, वर पिठाचा लेप द्यायचा आणि नदीकाठी त्याला अग्नी द्यायचा. एकदा तो पुतळा जळाला की माणूस मेला. पुढे तो सदेह दारात उभा राहिला, तरी घराला मेलेलाच. थोरल्या आईनं भावकीला सांगितलं, "शिवा माघारी येऊ द्या. त्याला सापडला तर बरंच झालं. न्हाई सापडला, तर फाल्गुनात जाळू." म्हणजे वहिनीचं कुंकू राहणार की जाणार, हे माझ्या पायांवर येऊन ठेपलं होतं. निघताना वहिनी उंबऱ्याशी उभी होती. मी म्हटलं, वहिनी, काही सांगायचंय? ती म्हणाली, "थंडी लई आसंल तकडं. कानाला बांधत जावा, भावजी."

शिक्षण उत्तरेत झालं. काचेची भांडी, वाफ, बुरशी, आणि धुकं. दादाचा विषय मी जवळजवळ विसरून गेलो. परतीची बोट नेपल्सहून होती आणि ती सुटायला अवकाश होता. ज्या घरात मी उतरलो तिथल्या मालकिणीनं मला बंदर, किल्ला, राजवाडा अशी पाहण्याजोगी ठिकाणं सांगितली, आणि चढावरच्या वस्त्यांकडे बोट करून गालावरून अंगठा फिरवला. म्हणजे तिथे चोर. आमच्या पुण्यात एखादी सदाशिवपेठी बाई पिंपरीच्या बराकींविषयी असंच बोलायची. मी दुसऱ्या सकाळी तिकडेच निघालो.

नकाशा नव्हता. माझा हिशेब सोपा होता, समुद्र पाठीशी ठेवायचा आणि चढत जायचं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतल्या बायका एकमेकींच्या वेण्या घालू शकल्या असत्या. वर वाळत घातलेल्या चादरी, त्यांचं ठिबकणारं पाणी, त्या पाण्यात भिजलेले दगड. वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, भाजीवाला त्यात भाजी टाकायचा, टोपली वर जायची, आणि मग वरून शिव्या खाली यायच्या, कारण भाजी किडकी निघालेली असायची. तळमजल्याला एकेक खोली, तिला खिडकी नाही, दारच काय ते. दार रस्त्यावर उघडलेलं, आत एक पलंग, पलंगावर सहा माणसं, कोपऱ्यात शेगडी आणि भिंतीवर देवाच्या आईची तसबीर. लढाईतल्या बॉम्बनी पाडलेल्या भिंती अजून तशाच होत्या. त्यांच्या खिंडारांत पोरं गोट्या खेळत होती आणि एक आंधळा हात पसरून बसला होता. पोरं त्याच्या हातावर खडे ठेवून पळत होती. तो प्रत्येक वेळी मूठ मिटायचा, चाचपायचा, आणि शिवी द्यायचा. येणारे-जाणारे हसत होते, आणि खरं सांगतो, मलाही हसू आलं.

ऋताच्या फोनमधली बाई हे दाखवणार नाही. आता तिथे कॉफीची दुकानं झाली आहेत म्हणे. ऋतानं मला चित्रं दाखवली, भिंती रंगवलेल्या, चादरी अजून वाळत घातलेल्या. मी म्हटलं, चादरी टुरिस्टांसाठी घालत असतील.

चढत चढत मी सानिता नावाच्या वस्तीच्या शेवटाला गेलो. तिथे डोंगर कोरून केलेल्या उंच गुहा आहेत, आणि त्यांत हाडं रचली आहेत. जुन्या साथींत मेलेल्या बेवारशी माणसांची. मांडीची हाडं लाकडांच्या मोळ्यांसारखी, आणि त्यांवर कवट्यांच्या रांगा. आत थंड होतं, मेणबत्त्यांचा धूर होता. काळे कपडे घातलेल्या बायका एकेका कवटीपुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. एक म्हातारी हातरुमालानं कवटी पुसत होती, इतक्या हळुवारपणे, की तापल्या पोराचं कपाळच पुसतेय असं वाटावं. मी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, हे कोण? ती म्हणाली, माझा मुलगा. रशियाच्या लढाईवर गेला, परत आला नाही. तेव्हापासून हा घेतलाय. हाच कशावरून, मी विचारलं. ती म्हणाली, "स्वप्नात येतो. बोलतो. पण हल्ली फार आळशी झालाय. पुढच्या महिन्यापर्यंत आला नाही, तर याला परत जागेवर ठेवून दुसरा घेईन." शेजारची बाई मान हलवत म्हणाली, मी दोनदा बदलला.

मी बाहेर उन्हात आलो. मनात आलं, थोरल्या आईला इथे आणून सोडावं, तिला शंभर नामे मिळतील आणि वहिनीला तिचं ताट. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या गार ताटाचा खराखुरा राग आला. इतकी वर्षं ते रोज डोळ्यांसमोर होतं, आणि राग यायला मला एवढ्या लांब यावं लागलं.

भूक लागली होती. उताराच्या एका गल्लीत खानावळ होती. खानावळ कसली, तीन टेबलं, एक पिंप आणि एक जाडजूड बाई. मी पावटे आणि पाव मागितला. दाराबाहेरच्या बाकावर एक माणूस माझ्याकडे पाठ करून जेवायला बसला होता. अंगात मळकी बंडी, केस करडे. त्यानं बाकावर एक कांदा ठेवला, डाव्या हाताची ओंजळ त्याच्याभोवती धरली, आणि उजव्या हाताची मूठ त्यावर हाणली. कांदा फुटला. मग दोन बोटांनी त्यानं मधला कोंब उपसून बाजूला टाकला, आणि पाकळी तोंडात घालण्याआधी ती मिठावर दाबली.

इटलीत मी सहा महिने कांदा खाल्ला होता. तो चिरतात, तळतात, शिजवतात, सुरीशिवाय त्याला हात लावत नाहीत. त्यावर बुक्की मारणारा माणूस मला तिथे दिसला नव्हता.  मी उठलो, त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि मराठीत म्हणालो, "दादा, मीठ दे की जरा."

त्याचा हात मिठावरच थांबला. त्यानं मान वळवली नाही. तसाच बसून म्हणाला, "कुनाचा रं तू?"

"कुरुळीचा. शिवा."

तो वळला. थोरल्या आईचंच नाक. मला वाटलं होतं तो रडेल, मिठी मारेल. त्यानं आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं, माझ्याबरोबर कुणी लष्करी माणूस आहे का ते. मग म्हणाला, "बस."

त्याची हकीकत फार मोठी नव्हती. डोंगरात जखमी होऊन पडला, मेंढपाळांनी लपवला, बरा होईतो पलटण पुढे गेली. परत गेलं तर पळपुटा म्हणून भिंतीशी उभं करून गोळी घालतील, या भीतीनं गेला नाही. मेंढपाळाच्या मुलीबरोबर इकडे उतरला. ती जाडजूड बाई म्हणजे तीच. वस्तीत त्याला 'मोरो' म्हणत, म्हणजे काळा. मराठी बोलताना तो शब्दाशब्दाला अडखळत होता, अंधारात जिना उतरणाऱ्यासारखा. त्यानं पांढऱ्या बैलाचं विचारलं. विहिरीला पाणी आहे का विचारलं. आई आहे का, हे विचारलं. आबा, म्हणजे त्याचे वडील, गेले हे मी सांगितल्यावर कधी गेले ते विचारलं. चिंचेचं झाड तोडलं का, तेही विचारलं. मी वाट पाहत होतो. पावटे संपले, पाव संपला, त्यानं पिंपातली दारू दोनदा ओतून घेतली. वहिनीचं नाव काही निघेना. शेवटी मीच म्हणालो, "वहिनी वाट बघतीय तुझी."

"आजून?" तो म्हणाला.

एवढंच. आणि त्यात दुःख नव्हतं हो, नवल होतं. एखादं जुनं छप्पर अजून उभं आहे म्हटल्यावर वाटावं तसं नवल. मी त्याला ताटाचं सांगितलं. तो ऐकत होता आणि नखानं बाकाची ढलपी काढत होता. मी म्हटलं, फाल्गुनात तुझा पुतळा जाळणार आहेत, मी काय सांगू? तो म्हणाला, "सांग, मेला. आईला सांग, तिलाबी सांग. मेल्याली मानसं बरी आस्त्यात, शिवा. त्यास्नी कोन माघारी बलवत न्हाई."

तेवढ्यात एक पोर धावत आलं, पाचसहा वर्षांचं, आणि त्याच्या मांडीवर चढून बसलं. त्यानं उरलेला कांदा उचलला, कोंब उपसून फेकला आणि पाकळी मिठावर दाबली. नाक पुन्हा तेच. मी म्हटलं, वहिनीसाठी काही निरोप? दादा पोराच्या केसांतून हात फिरवत म्हणाला, "काय द्यू?" त्याचं त्यालाच हसू आलं. मी त्या हसण्यावर थुंकलो नाही, याचं आजही वाईट वाटतं. उठलो आणि उतारानं चालू लागलो. आता समुद्र समोर होता, त्यामुळे वाट चुकण्यासारखी नव्हती.

मी कुरुळीला पोचलो तेव्हा कांद्याची काढणी सुरू होती. अंगणात भावकी जमली. थोरल्या आईनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "गावला का रं?" मी म्हटलं, फार मोठा मुलूख आहे, शोध लागला नाही. खरं काय ते आधी वहिनीच्या कानावर घालायचं, मग तिनं ठरवावं, असं मी बोटीवरच पक्कं केलं होतं. थोरली आई मटकन खाली बसली. कुणीतरी म्हणालं, मग चाकणच्या गुरुजींना सांगावा धाडू.

दुसऱ्या दिवशी रानात मी वहिनीच्या शेजारच्या सरीत बसलो. ऊन तापलं होतं, कांद्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते. त्यामुळे तिथे कुणाचे डोळे भरले तरी कुणी विचारत नाही. मी सगळं सांगितलं. गल्ली, खानावळ, बुक्की. ती कांदे उपटत राहिली. माती झटकायची, पात पिळायची, ढिगावर टाकायची. एकदाच थांबली.

"पोर हाय त्येला?"

"मुलगा आहे."

"कुनावानी दिसतो?"

"थोरल्या आईवानी. नाक तर जसंच्या तसं."

ती पुन्हा उपटू लागली. सरीच्या शेवटापर्यंत गेली, उभी राहिली, कमरेवर हात ठेवून पाठ ताणली. मग म्हणाली, "म्हातारीला सांगू नगा."

"वहिनी, पुतळा जाळतील. जित्या माणसाचा."

"जाळू द्या."

"तुमचं कुंकू जाईल."

"जाऊ द्या की. त्ये कुनासाठी लावत हुते म्या?" तिचा आवाज चढला नाही. "भावजी, ह्या गावात रांडावा लई हायेत. त्यास्नी कोन हसत न्हाई. पर तो जित्ता हाय म्हनला तर विहिरीवरच्या बायका खऱ्या ठरत्यात. बारा वरसं ज्येच्यावर हसल्या, त्येच खरं. रांडाव व्हईन म्या. टाकल्याली न्हाई व्हनार."

 आमच्या भावकीत तेव्हा विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावत नव्हते, म्हणजे पुढचं सगळं आयुष्य ती मोजून बोलत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत काय होतं, हे गावात आता आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

पळस त्या दिवसांत पानं गाळतो आणि फुलतो. पुतळ्याला पानं मिळेनात. वहिनी स्वतः ओढ्याकडे गेली आणि जुनी, जून, भोकं पडलेली पानं पदरातून घेऊन आली. गुरुजींनी सुतानं ती बांधली. हात झाले, पाय झाले, नारळ आला. दादाचा पेटीत जपलेला फेटा वहिनीनं आणून नारळाला गुंडाळला, आणि नीट बसेना तेव्हा पुन्हा सोडून गुंडाळला. थोरली आई त्या पानांना कवटाळून असा हंबरडा फोडत होती की गडीमाणसांनी तोंडं फिरवली. कागदानं न मेलेला तिचा नामा आता तिच्या मांडीवर मेला होता.

मग बायकांनी वहिनीला दगडापाशी बसवलं. बांगड्या फोडल्या. कुंकू पुसायला थोरली आई स्वतः पुढे झाली. ओला अंगठा तिनं वहिनीच्या कपाळावर इतका दाबून फिरवला की कातडं लाल झालं, आणि कुंकू गेलं तरी फिरवतच राहिली. "खाल्लास माझ्या लेकाला," म्हणत होती. वहिनी तिच्याकडे वर पाहत होती. एका वाक्यात तिला त्या अंगठ्याला थांबवता आलं असतं. मी भिंतीशी उभा होतो, माझे ओठ हललेही. वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी अंगणाबाहेर गेलो. मागून बायकांची कुजबुज आली, रडत नाही हो ही, काळीज आहे की धोंडा.

इंद्रायणीकाठी अग्नी मी दिला. धाकटा भाऊ म्हणून तो मान माझाच होता. वाळलेली पानं ती, क्षणात भडकली. फेटा जळायला वेळ लागला. नारळ फुटला तसे सगळे म्हणाले, सुटला बिचारा. मला दिसत होतं की या घटकेला तो उतारावरच्या बाकावर बसून जेवत असेल. त्या जाळाची धग माझ्या तोंडाला लागत होती आणि मला बरं वाटत होतं.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली, टोपलीत झाकून, वाफ निघत होती. नामाचं ताट त्या दिवशी मांडलं नाही, मेलेल्याला कसलं ताट? वहिनीनं आपलं ताट घेतलं, मांडी घालून बसली आणि जेवली. एक भाकरी, दुसरी भाकरी, तिसरी. बोटं भाजत होती तरी फुंकर न घालता तुकडे मोडत होती. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. नवऱ्याला जाळून आल्यावर भूक लागली हिला, असं एक जण मोठ्यानंच म्हणाली. वहिनीनं तिच्याकडे पिठलं मागितलं.

हे सगळं मी ऋताला कसं सांगणार? ती विचारेल, मग पुढे काय झालं, पोलिसांना का नाही कळवलं, वहिनींनी दुसरं लग्न का नाही केलं. तिच्या प्रश्नांना उत्तरं असतात. आता कुरुळीच्या त्या रानात कारखान्याची भिंत आहे, शिफ्ट सुटली की मराठवाड्यातली, विदर्भातली पोरं तिथून चालत खोलीवर जातात. एका टपरीपाशी मी परवा गाडी थांबवायला लावली, तर विहीर बुजवलेली. नातू म्हणाला, आजोबा, इथे बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, काही नाही, चल.

पुतळा जाळल्यानंतर थोरली आई बदलेल असं मला वाटलं होतं. लेकाचं माणूस म्हणून तरी वहिनीला जवळ करील. कसलं काय! ताट गेलं, पण जीभ राहिली. आता तिला नवं दुःख सापडलं होतं. वंश बुडाला. दिवेलागणीला ती ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या नामाच्या मागं कोन न्हाई बाबा. ह्या वांझोटीनं माझा दिवा इझवला." वहिनी आत कंदील पुसत असायची. काचेवरून फिरणारं फडकं थांबायचं नाही. पुढे माझं लग्न झालं, मी पिंपरीला बिऱ्हाड केलं, दोघींना चल म्हटलं. थोरली आई म्हणाली, घर सोडनार न्हाई. वहिनी म्हणाली, त्यांना सोडनार न्हाई. लोक वहिनीची वाखाणणी करायला लागले. सासू अशी, आणि सून पाहा कशी. विहिरीवर बायका तिला वाट द्यायच्या.

मग थोरली आई अंथरुणाला खिळली. असाच फाल्गुन होता, पडवीत नवे कांदे पसरलेले होते. मी गेलो तेव्हा वहिनी तिला पेज भरवत होती. चमचा ओठांना लावायची, हनुवटीवर ओघळलं की पदरानं टिपायची, कूस बदलताना हात पाठीखाली असा घालायची की हाड दुखू नये. लेकीनंही केलं नसतं इतकं ती करत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हातारी छताकडे पाहत पुटपुटत होती. एक नातू आसता, त्यानं तोंडात पानी घातलं आसतं, सुखानं डोळं मिटलं आसतं. पुन्हा पुन्हा तेच. मला ऐकवेना. मी वहिनीला पडवीत बाहेर बोलावलं आणि म्हणालो, वहिनी, आता तरी सांगून टाका. कोण ऐकतंय इथे? तिला नातू आहे, तिचंच नाक घेऊन हिंडतोय, एवढं एक वाक्य. सुखानं मरेल म्हातारी.

वहिनीनं पेजेचं भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. ते अजून गरम होतं.

"म्हनूनच सांगत न्हाई, भावजी," ती म्हणाली आणि आत तिला भरवायला गेली.